परवडणारा मॉडेम कसा निवडावा? डायल-अपच्या काळातला हिशेब, आजच्या दुकानासाठी

संगणकाला बाहेरच्या जगाशी जोडणारी पेटी घ्यायला गेलेला आपला व्यापारी बांधव दुकानदाराला सहसा एकच प्रश्न विचारतो, "कमीत कमी कितीला पडेल?" प्रश्न रास्तच आहे. छोट्या कारखान्याला, शिलाईच्या युनिटला किंवा घरून चालणाऱ्या धंद्याला प्रत्येक हजार रुपये जपूनच खर्चावे लागतात. परंतु मॉडेम ही एकदा पैसे मोजून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. तिच्यामागे दरमहाचा खर्च चालू राहतो. म्हणून स्वस्त मिळालेला मॉडेम परवडेलच असे नाही.

हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसला तो डायल-अपच्या काळात. अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली आणि एका युगाची अखेर झाली. आपल्याकडेही घरगुती ग्राहक हा मार्ग कधीच सोडून गेला आहे. तरीही त्या काळात शहाण्या गिऱ्हाइकाने मॉडेम कसा पारखला हे समजून घेतले, तर आज फायबरची पेटी किंवा वाय-फाय राउटर घेताना फसगत टळते. यंत्र बदलले, पण पारखण्याची रीत तीच राहिली आहे.

मॉडेम करतो काय?

संगणकाची भाषा आकड्यांची. साध्या टेलिफोनची तार मात्र माणसाच्या आवाजासाठी बनलेली होती. ती साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी नीट वाहून नेत असे. संगणकाचे आकडे आवाजात बदलून तारेवर सोडायचे आणि समोरून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, हे दुभाषाचे काम मॉडेम करी. फोन लागल्यावर ऐकू येणारी किरकिर म्हणजे दोन्ही टोकांचे मॉडेम कोणत्या वेगाने बोलायचे ते आपसांत ठरवत असत.

यातली खरी गोष्ट 'दोन्ही टोकांचे' या शब्दांत आहे. आपला मॉडेम कितीही भारी असो, समोरचा मॉडेम आणि मधली तार यांपैकी जे सर्वांत कमजोर असेल, त्याच्याच वेगाने काम चाले.

वेग वाढत गेला तो असा

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या सुमारास बाजारात सेकंदाला १४,४०० बिट वाहणारे मॉडेम होते. या वेगाचा मानक १९९१ चा. २८,८०० बिटांचा 'व्ही ३४' मानक १९९४ मध्ये आला आणि १९९६ मध्ये तो ३३,६०० पर्यंत वाढवण्यात आला. ५६,००० बिटांचा 'व्ही ९०' मानक १९९८ मध्ये ठरला आणि २००० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती 'व्ही ९२' आली.

साहजिकच जुन्या वेगाचे मॉडेम स्वस्तात निघू लागले आणि पुष्कळांनी तेच घेतले. आता हिशेब करून पाहू.

समजा, भिवंडीच्या एका यंत्रमागधारकाला रोज डिझाइनची चित्रे आणि ऑर्डरची कागदपत्रे मिळून दहा लाख बाइट एवढा मजकूर मागवायचा आहे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे एकूण ऐंशी लाख बिट. तार पूर्ण साफ आहे असे धरले तर:

१) १४,४०० च्या मॉडेमला सुमारे सव्वानऊ मिनिटे लागतील.
२) २८,८०० च्या मॉडेमला सुमारे साडेचार मिनिटांहून थोडे अधिक.
३) ३३,६०० च्या मॉडेमला सुमारे चार मिनिटे.
४) ५६,००० चा मॉडेम प्रत्यक्षात ४५,००० ने जोडला गेला तर सुमारे तीन मिनिटे.

पहिल्या आणि तिसऱ्या मॉडेममध्ये रोजचा फरक सव्वापाच मिनिटांचा. दिसायला किरकोळ वाटतो. पण वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर तो २६ तासांच्या वर जातो. या २६ तासांत टेलिफोनचे मीटर पळत असे, इंटरनेटचे खाते तासांवर विकत घेतलेले असल्याने तेही तास संपत आणि शिवाय फोन अडकून राही. सुताचा व्यापारी किंवा गिऱ्हाईक फोन लावतोय आणि लाइन व्यस्त, हे तिसरे नुकसान कोणत्याच बिलात दिसत नसे. खरेदीच्या वेळी वाचलेले पैसे अशा रीतीने तीन वाटांनी निघून जात.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ज्याला आठवड्यातून दोन साधी पत्रेच पाठवायची होती, त्याला जुना मॉडेम पुरेसा होता. कार्ड घासून पैसे घेण्याच्या यंत्रांचेच उदाहरण घ्या. टेलिफोन लाइनवर चालणारी ही यंत्रे मुद्दाम अगदी कमी वेगाने जोडली जात. एका व्यवहाराचा मजकूर चिमूटभर असतो. वेगवान मॉडेमला नुसती बोलणी ठरवायलाच जो वेळ लागे, तेवढ्यात संथ यंत्र काम उरकून मोकळे होई. म्हणून आपले काम किती आहे हे आधी मोजावे आणि वेग नंतर निवडावा.

खोक्यावरचा आकडा आणि तारेवरचा आकडा

खोक्यावर ५६,००० लिहिले असले तरी तेवढा वेग प्रत्यक्षात हाती येत नसे. त्याची कारणे तीन होती.

पहिले कारण, हा वेग फक्त मजकूर आपल्याकडे येताना होता. आपल्याकडून पाठवताना 'व्ही ९०' चा मॉडेम ३३,६०० वरच थांबे. ज्याचे काम नमुने परगावी पाठवण्याचे, त्याला ३३,६०० आणि ५६,००० यांत काहीच फरक पडत नव्हता.

दुसरे कारण, सेवा देणाऱ्या कंपनीची जोडणी आणि मधले एक्स्चेंज डिजिटल असले तरच हा वेग शक्य होता. मध्ये कुठेही जुन्या पद्धतीचे एक्स्चेंज आले की वेग ३३,६०० किंवा त्याहून खाली येई. जुन्या एक्स्चेंजच्या भागात ५६,००० चा मॉडेम घेणे म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर मोटार उतरवण्यासारखे होते.

तिसरे कारण तारेची अवस्था. पावसाळ्यात सांध्यात ओल शिरली की लाइनवर खरखर येई. मग मॉडेम आपण होऊन वेग कमी करी किंवा जोडणी तुटे. घरातल्या चार ठिकाणी जोड दिलेल्या जुन्या वायरचाही यात मोठा वाटा असे. पुष्कळदा नव्या मॉडेमऐवजी चांगली वायर थेट मुख्य पेटीपासून आणली, तर थोडक्या पैशांत काम होत असे.

समोरच्या टोकाला काय आहे?

१९९७ साली एक गंमतशीर पण खर्चिक प्रकार घडला. ५६,००० बिटांचा सर्वमान्य मानक ठरण्याआधीच बाजारात दोन परस्परविरोधी पद्धती आल्या. यू.एस. रोबोटिक्सची 'एक्स २' आणि रॉकवेल व ल्यूसेंट यांची 'के ५६ फ्लेक्स'. एका पद्धतीचा मॉडेम दुसऱ्या पद्धतीच्या सेवेला ५६,००० ने जोडलाच जात नसे. तो ३३,६०० वर येऊन थांबे. ग्राहकाने पैसे जादा वेगाचे मोजले आणि पदरात पडला जुनाच वेग. १९९८ मध्ये 'व्ही ९०' ठरल्यावर हा झगडा मिटला. तोपर्यंत घेतलेल्या मॉडेमपैकी काही सॉफ्टवेअर बदलून नव्या मानकावर आणता आले, काही आले नाहीत.

यातला बोध सरळ आहे. पेटी घेण्याआधी सेवा देणाऱ्या कंपनीला विचारावे, "तुमच्या टोकाला कोणता मानक चालतो?" त्यानंतर दुकानाची पायरी चढावी.

आतला की बाहेरचा?

संगणकाच्या पोटात बसणारा मॉडेम स्वस्त पडे. त्याला वेगळी पेटी, वेगळा वीजपुरवठा आणि वेगळी केबल लागत नसे. बाहेरचा महाग होता, पण त्याचे फायदेही होते. त्याच्या दिव्यांवरून जोडणी चालू आहे की अडकली आहे ते कळे. अडकला तर संगणक बंद न करता एकटा मॉडेम बंद-चालू करता येई. संगणक बदलला तरी तो पुढे वापरता येई. शिवाय पावसाळ्यात विजेचा लोळ टेलिफोनच्या तारेतून आत आला, तर आतल्या मॉडेमबरोबर संगणकाचा मुख्य बोर्डही जाण्याचा धोका असे. बाहेरचा मॉडेम बहुधा स्वतःवर निभावून नेई. कडकडाट सुरू झाला की टेलिफोनची वायर काढून ठेवणे हा मात्र दोन्हींसाठी बिनखर्चाचा उपाय होता.

बाहेरच्या मॉडेममध्येही एक मेख होती. जुन्या संगणकाच्या सिरियल पोर्टमधील चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवी. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की मागून आलेला बाइट आधीच्यावर पडे आणि मजकूर पुन्हा मागवावा लागे. '१६५५०' क्रमांकाची सुधारित चिप सोळा बाइट साठवू शके. म्हणून जाणकार माणूस वेगवान बाहेरचा मॉडेम घेण्याआधी संगणकात ही चिप आहे का, ते पाहून घेई.

सर्वांत स्वस्त मॉडेम स्वस्त का होता?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'विनमॉडेम' नावाचा प्रकार आला. किंमत इतरांच्या तुलनेत फारच कमी. कारण मॉडेमचे अर्धेअधिक काम करणाऱ्या चिप्स त्यात घातलेल्याच नव्हत्या. ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेले होते. कारखान्यात एक कामगार कमी करून त्याचे काम मुनीमजींच्या गळ्यात मारावे, तसा हा प्रकार! संगणक दमदार असेल तर काही बिघडत नसे. जुन्या, मंद संगणकावर मात्र सारेच काम रेंगाळे. शिवाय हा मॉडेम बहुतेक वेळा विंडोजखेरीज दुसऱ्या प्रणालीवर चालत नसे. डॉसवर हिशेबाचे काम करणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

विनमॉडेम वाईट होता असे नव्हे. पण किंमत कमी का आहे, हे विक्रेत्याने सांगायला हवे होते आणि गिऱ्हाइकाने विचारायला हवे होते. मालातला उणेपणा झाकून विकणे हा सचोटीचा व्यापार नव्हे. मग माल कापडाचा असो की मॉडेमचा.

आज काय विचारावे?

आता हीच पारख आजच्या पेटीला लावू.

१) समोरच्या टोकाला काय आहे? जुन्या तांब्याच्या तारेवरचा एडीएसएल मॉडेम फायबरवर चालत नाही. जुन्या बाजारात तो कवडीमोलाने मिळाला तरी घेऊ नये. फायबरची पेटीही कंपनीच्या यंत्रणेशी जुळणारी आणि कंपनीने नोंदवून घेतलेली असावी लागते. सिमकार्डवर चालणाऱ्या काही पेट्या एकाच कंपनीच्या सिमला बांधलेल्या असतात, तेही विचारून घ्यावे.

२) खोक्यावरचा आकडा कसा काढला आहे? राउटरवर 'एसी १२००' लिहिलेले असते. तो दोन वेगळ्या पट्ट्यांच्या, म्हणजे साधारण ३०० आणि ८६७ मेगाबिटच्या, कागदी वेगांची बेरीज असते. एका संगणकाला एवढा वेग कधीच मिळत नाही. तसेच पुष्कळ स्वस्त राउटरांची वायरची खाच १०० मेगाबिटचीच असते. २०० मेगाबिटचे पॅकेज घेऊन असा राउटर लावला, तर निम्मे पैसे दरमहा वाया जातात. आणि १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हे आठाचे गणित आजही तसेच आहे.

३) पाठवण्याचा वेग किती? माल आणि नमुन्यांचे फोटो, व्हिडिओ पाठवणाऱ्याने हा प्रश्न आवर्जून विचारावा. जाहिरातीतला मोठा आकडा अनेकदा फक्त येणाऱ्या मजकुराचा असतो.

४) घरातल्या भिंतींचे काय? ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. २.४ चा पट्टा संथ, पण दूर पोहोचतो. पुढे दुकान आणि मागे कारखाना असेल तर महागड्या राउटरपेक्षा एक साधी वायर आत नेणे अधिक बरे.

५) वीज गेली तर? फायबरच्या पेटीला वीज लागतेच. ज्या भागात भारनियमन आहे, तिथे पेटीसाठी छोटा बॅटरी-संच घेतला नाही, तर ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी पैशांची देवघेव अडते.

६) तीन वर्षांचा एकूण खर्च किती? पेटीची किंमत किंवा अनामत, दरमहाचे शुल्क आणि दुरुस्ती यांची बेरीज कागदावर मांडावी. अनामत परत कधी मिळेल, तेही लेखी घ्यावे.

सारांश, आधी आपले रोजचे काम मोजावे, मग समोरचे टोक आणि मधली वाट पाहावी, आणि पेटीकडे शेवटी वळावे. हा क्रम पाळणाऱ्याला १९९८ मध्ये ३३,६०० चा मॉडेम पुरला असता आणि आज साधा राउटरही पुरेल. क्रम उलटा करून आधी पेटीची किंमत पाहणाऱ्याला त्या काळी टेलिफोनच्या बिलाने गाठले. आज मासिक पॅकेज गाठेल. तेव्हा कारागीर आणि व्यापारी बांधवांनी खरेदीला निघण्यापूर्वी वरील सहा प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून सोबत न्यावेत. ज्या विक्रेत्याकडे त्यांची सरळ उत्तरे असतील, त्याच्याशीच सौदा करावा.