स्वयंपाकघरातील टाकाऊ भाग व परसबाग

परसात भाजी लावावयाची म्हणजे बियाणे विकत आणावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु आपल्या वऱ्हाडात रोज भाजी निवडताना मोड आलेला कांदा, लसणाच्या पाकळ्या, सुकू लागलेले अद्रक व पुदिन्याच्या काड्या उकिरड्यावर जातात. वस्तुतः हे सर्व भाग बियाण्यासारखेच उपयोगी आहेत. उन्हाळ्यात हिरवी भाजी महाग होते, तेव्हा घरच्या ताटात पाला पडावा यासाठी त्यांचा उपयोग अवश्य करावा.

काय लावावे : मोड आलेला कांदा वाफ्यात लावल्यास पात मिळते. मात्र त्यापासून पुन्हा मोठा कांदा पोसत नाही. दिवाळीच्या सुमारास लसणाची पाकळी टोक वर ठेवून लावावी. पुदिन्याची काडी पेऱ्यापर्यंत पाण्यात ठेवली असता थोड्याच दिवसांत मुळे फुटतात. मग ती सावलीत लावावी. सांभाराकरिता घरचे धने रगडून, त्यांच्या दोन फाका करून पेरावे. मे महिन्यात अद्रकाचा डोळे असलेला तुकडा ओलसर गोणपाटात ठेवून मोड आणावा व तो मृगाच्या पावसावर लावावा. सुमारे आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडली म्हणजे गड्डा काढावा.

आमच्या काळ्या जमिनीत पाणी साचते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या वर्षी अद्रक सपाट वाफ्यात लावले व ते सर्व कुजले. दुसऱ्या वर्षी शेणखत व वाळू मिसळून गादीवाफा केला, तेव्हा पीक हाती आले.

काय लावू नये : गाजराचा शेंडा लावल्यास पाला व फुले येतात, गाजर येत नाही. संकरित टोमॅटोच्या बियांपासून मूळ झाडासारखी फळे मिळतील असा भरवसा नाही. हिरवा पडलेला बटाटा विषारी असतो, म्हणून तो खाऊ नये. बाजारचे अद्रक व बटाटा परसातच लावावा. त्यांबरोबर कंदकुजीसारखे रोग येण्याचा संभव असल्याने मुख्य शेतात त्यांचा बियाणे म्हणून उपयोग करू नये.

खारपाणपट्ट्यातील दक्षता : अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील पुष्कळ विहिरींचे पाणी खारे आहे. ते पाणी कांद्यास मानवत नाही. पालक त्यामानाने तग धरतो. तेथे तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी साठवून वाफ्यास द्यावे. साबणाचे किंवा सोड्याचे पाणी मात्र देऊ नये. त्यातील सोडियममुळे माती घट्ट होते व पाणी मुरेनासे होते.

या उपायाने कुटुंबाची भाजीची सर्व गरज भागेल असे नव्हे. तथापि, चटणीपुरती पात व वरणावर घालावयास सांभार घरचा मिळेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या दारी एक वाफा करावा व मग तो गावातील भगिनींना दाखवावा. डोळ्यांनी पाहिलेल्या वाफ्याचा प्रभाव भाषणापेक्षा अधिक पडतो.