पिवळे तितके हळद नव्हे!
आमच्या मुरुडच्या बाजारात पिवळीधमक हळद दिसली की गृहिणी खूष! पण अन्नात बंदी असलेला मेटॅनिल यलो हा कापडाचा रंगही पिवळाच. म्हणून रसायनशास्त्रज्ञ हळदीचा अर्क मेथॅनॉल-पाण्याबरोबर एका बारीक नळीतून दाबाने पाठवतात. नळीत सिलिकाचे कण, त्यांवर 18 कार्बनांच्या साखळ्यांचा तेलकट लेप. पाण्याशी सलगी करणारे द्रव्य झटकन निघते. तेलाची ओढ असलेले रेंगाळते. हळदीतले तिघे पिवळे भाऊ असे वेगळे होतात. थोरला कर्क्युमिन शेवटी. भेसळीचा रंग आपल्या वेळी बाहेर पडतो नि पकडला जातो. वॉर्सात 1903 साली त्स्वेतने मांडलेल्या मूळ पद्धतीत रेंगाळण्याचा क्रम याच्या उलट. म्हणून हिचे नाव ‘रिव्हर्स्ड फेज’. मी मराठीचा मास्तर, पण सांगतो : हळदीकुंकवाच्या हळदीची खात्री डोळा नव्हे, ही नळी देते.