गाणें एकाचें, कंठ दुसऱ्याचा

जुनें गाणें नव्या गायकानें पुन्हां ध्वनिमुद्रित केलें, म्हणजे त्यास पाश्चात्त्य संगीताच्या व्यवहारांत ‘कव्हर’ असें म्हणतात. अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत रॉक अँड रोल नांवाचें जें संगीत उदयास आलें, त्यांतील गाणीं आजतागायत ह्या रीतीनें गायिलीं जात आहेत. ही उसनवारी म्हणावी कीं वारसा, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. एकाच गाण्याचा प्रवास पाहिला तरी त्याचें उत्तर बरेंचसें सांपडतें.

तें गाणें म्हणजे ‘हाउंड डॉग’. जेरी लीबर व माइक स्टोलर ह्या दोन गोऱ्या तरुणांनीं तें बिग मामा थॉर्नटन ह्या कृष्णवर्णीय गायिकेसाठीं मुद्दाम रचिलें. तिनें तें १९५२ च्या ऑगस्टांत गायिलें आणि पुढील वर्षीं कृष्णवर्णीयांच्या संगीताची जी निराळी यादी असे, तींत तें सात आठवडे अग्रस्थानीं राहिलें. तिच्या तोंडीं तें एका ऐतखाऊ पुरुषास घराबाहेर काढणाऱ्या बाईचें खडसावणें होतें. पुढें फ्रेडी बेल व त्याचे साथीदार ह्यांनीं शब्द बदलून त्यास विनोदी रूप दिलें. लास व्हेगास येथें त्यांचें गाणें ऐकून एल्विस प्रेस्ली ह्यानें तेंच रूप उचललें, १९५६ च्या जुलैंत ध्वनिमुद्रित केलें आणि तें जगभर पोंचलें. मूळचा संताप गेला. उरला तो निव्वळ दंगा. म्हणजे प्रेस्लीचें गाणें हें अनुकरणाचेंहि अनुकरण होय.

ह्यांत बेकायदेशीर असें कांहींच नव्हतें. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानें अशी सोय केली होती कीं, मालकाच्या संमतीनें एकदां एखाद्या रचनेचें यांत्रिक मुद्रण झालें, म्हणजे पुढें कोणीहि प्रत्येक प्रतीमागें दोन सेंट देऊन तिचें मुद्रण करावें. मालकास नाहीं म्हणतां येणार नाहीं. त्या काळीं आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठीं छिद्रें पाडलेल्या कागदी गुंडाळ्या निघत. एकाच कंपनीनें सारें संगीत आपल्या मुठींत ठेवूं नये, हा त्या कायद्याचा हेतु होता. पुढें दर वाढले, परंतु तत्त्व कायम आहे.

मात्र हा पैसा जातो तो रचनाकारास व प्रकाशकास. गाण्यास प्रथम रूप देणाऱ्या कंठास त्यांत वाटा नाहीं. पद रचणारा एक आणि आपल्या हरकतींनीं तें लोकांच्या मनांत ठसविणारा दुसरा, हा प्रकार मराठी नाट्यसंगीताच्या श्रोत्यांस अपरिचित नाहीं. १९७२ पासून अमेरिकेंत नव्या ध्वनिमुद्रणांस संरक्षण मिळालें, पण तें त्या मुद्रणाच्या नकला काढण्याविरुद्ध. गाण्याच्या ढंगाचें अनुकरण करण्यास त्यानें बंदी होत नाहीं. थॉर्नटन ही ‘हाउंड डॉग’ची लेखिका नव्हती, त्यामुळें प्रेस्लीच्या तबकडीच्या खपावर तिचा हक्क पोंचत नव्हता. त्यांतून तो काळ वर्णभेदाचा. लिटल रिचर्डचें १९५५ सालचें ‘टुटी फ्रुटी’ पॅट बून ह्या गोऱ्या गायकानें सौम्य करून गायिलें आणि सर्वसाधारण यादींत तें मूळ गाण्याच्याहि वर गेलें!

यास्तव पहिल्या कंठाचें ऋण फेडणें हें पुढील गायकाच्या सद्बुद्धीवरच अवलंबून राहतें. तें कसें फेडावें ह्याचा उत्तम नमुना ‘ला बांबा’ ह्या गाण्यांत सांपडतो. हें मूळचें मेक्सिकोंतील व्हेराक्रूझ प्रांताचें लोकगीत. रिची व्हॅलेन्स ह्यानें १९५८ सालीं त्यास रॉक अँड रोलचा वेष दिला. ३ फेब्रुवारी १९५९ रोजीं, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षीं, तो विमानाच्या अपघातांत मरण पावला. १९८७ सालीं त्याच्या जीवनावरील चित्रपटासाठीं लॉस एंजेलिसच्या लॉस लोबोस ह्या वाद्यवृंदानें तें पुन्हां गायिलें आणि अमेरिकेच्या यादींत तें पहिलें आलें. त्यांनीं व्हॅलेन्सचा जोम राखला. शिवाय अखेरीस विजेचीं वाद्यें थांबवून जुन्या लोकवाद्यांवर तीच चाल वाजविली. एकाच तबकडींत दोन ऋणें मान्य झालीं.

थॉर्नटनच्या वांट्यास हा न्याय फार उशिरां आला. ती १९८४ सालीं वारली. २०२२ च्या ‘एल्विस’ ह्या चित्रपटांत शोंका डुकुरे हिनें थॉर्नटनच्या भूमिकेंत तें गाणें मूळच्या ढंगानें गायिलें. त्याच आवाजाचा आधार घेऊन डोजा कॅट ह्या तरुण गायिकेनें त्याच चित्रपटासाठीं ‘व्हेगास’ हें नवें गाणें केलें. २०२४ सालीं, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ह्या संस्थेनें थॉर्नटनचा गौरव केला. जुनें गाणें पुन्हां मुद्रित करावयाचें तर ठराविक शुल्क भरावें लागतें. तें प्रथम कोणीं गायिलें हें सांगावयास मात्र एक सेंटहि पडत नाहीं.