ब्रेकचें पेडल काय सांगतें?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अद्यापि एखादी जुनी मोटार जपून ठेविलेली असेल. पद्मिनीचें उत्पादन बंद होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं, अॅम्बॅसिडरचेंही २०१४ सालीं थांबलें. तथापि वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातची गाडी विकण्यास मन घेत नाहीं. अशा गाडीविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते, ती ही कीं, ब्रेकचें पेडल मऊ लागतें, किंवा पाय ठेविला कीं तें खालीं बसतें. ह्यावर पुष्कळ मंडळी डब्यांत थोडें ब्रेक ऑईल ओततात आणि निश्चिंत होतात. पसरणीचा किंवा खंडाळ्याचा घाट उतरतांना ही निश्चिंतता किती महाग पडेल, हें निराळें सांगावयास नको. म्हणून ह्या तक्रारीचा अर्थ कसा लावावा, ह्याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम ब्रेकची रचना ध्यानांत घेऊं. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं पास्कलचा नियम वाचलाच असेल. बंद भांड्यांतील द्रवावर दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखा पोंचतो. १७ व्या शतकांतील ह्या ईश्वरभक्त फ्रेंच गणितज्ञाच्या नियमावरच मोटारीचे ब्रेक चालतात. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या पुढें सरकतो. त्याचा दाब ब्रेक ऑईल नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरापर्यंत नेतें. आणि तेथील दट्टे लायनर लाविलेले शू फिरत्या ड्रमवर आंतून दाबून धरितात. द्रव दाबला असतां जवळजवळ आकुंचन पावत नाहीं. म्हणून निर्दोष ब्रेकचें पेडल थोडें खालीं जाऊन घट्ट लागतें व तेथेंच थांबतें.

आतां परीक्षा. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दगड लावावे व इंजिन बंद ठेवावें. पेडलावर बेताचा दाब देऊन तो मिनिटभर तसाच राखावा. नंतर पाय उचलून पेडल लागोपाठ तीनचार वेळां दाबावें. ह्या दोन कृतींनीं तीन निरनिराळे दोष ओळखतां येतात.

पहिला प्रकार असा कीं, पेडल खालीं जातांना स्पंजासारखें लागतें. लागोपाठ दाबल्यानें तें किंचित् सुधारतें, परंतु त्याचा लवचिकपणा जात नाहीं. ह्याचा अर्थ नळ्यांत हवा शिरली आहे. हवा आकुंचन पावते, म्हणून पायाचें बळ चाकाकडे न जातां हवा दाबण्यांतच खर्च होतें. कारागिराकडून एअर काढून घेणें, हा ह्यावरील उपाय. मात्र जुन्या गाडीचें पेडल त्या वेळीं तळापर्यंत दाबूं देऊं नये. एरवीं दट्ट्या जेथवर जात नाहीं, त्या गंजलेल्या भागावर रबरी वॉशर घांसून फाटण्याचा संभव असतो. पेडलाखालीं लांकडाचा ठोकळा ठेविल्यास हें टळतें. एअर काढूनही पेडल मऊच राहिलें, तर चाकांजवळील रबरी होज पाईप पाहावे. एकानें पेडल दाबावें व दुसऱ्यानें निरखावें. पाईप फुगत असेल तर तो जीर्ण झाला असें समजावें.

दुसरा प्रकार असा कीं, पेडल प्रथम बरेंच खालीं जातें, पण दुसऱ्या तिसऱ्या दाबास वर येऊन घट्ट लागतें. येथें बहुधा हवाही नाहीं व गळतीही नाहीं. लायनर झिजल्यामुळें शू ड्रमपासून दूर राहिले आहेत, इतकेंच. ते जवळ आणून बसवावे. लायनर फारच झिजले असतील तर बदलावे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक होय. पेडल प्रथम ठीक लागतें, परंतु दाब कायम ठेविला असतां हळूहळू खालीं बसूं लागतें. अशा वेळीं द्रव निसटत आहे हें नक्की. तो बाहेर गळत असल्यास चाकाच्या आंतील अंगास, नळ्यांच्या सांध्यांवर किंवा मास्टर सिलिंडराच्या टोकाशीं ओल दिसेल. मात्र कोठेंही ओल नाहीं, डब्यांतील पातळीही उतरत नाहीं, आणि तरी पेडल बसतें, असें झालें तर दोष मास्टर सिलिंडराच्या आंत असतो. तेथील रबरी वॉशर झिजल्यानें द्रव दट्ट्याच्या बाजूनें मागें सरकतो. ह्यांत आणखी एक फसगत आहे. जोराचा दाब दिला असतां वॉशर भिंतीस घट्ट चिकटतो व पेडल ठीक वाटतें. हलक्या दाबानें मात्र तें बसतें. म्हणून परीक्षा दोन्ही प्रकारें करावी. भरलेला डबा पाहून ब्रेक निर्दोष ठरवूं नये. आणि डबा रिकामा होत असेल, तर तो पुन्हां भरण्यापूर्वीं द्रव गेला कोठें, हें शोधावें.

ब्रेक ऑईल ह्या नांवानेंही घोंटाळा होतो. तें इंजिनांतील तेल नव्हे. इंजिनचें तेल ब्रेकमध्यें घातल्यास रबरी वॉशर फुगून निकामी होतात. शिवाय ब्रेक ऑईल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेंटिग्रेड असावा लागतो. ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकतो. घाटांत सतत ब्रेक दाबल्यानें ड्रम तापतात, तो द्रव उकळतो, वाफ होते, आणि पेडल एकदम तळास जातें. म्हणून साधारणपणें दर दोन वर्षांनीं हा द्रव बदलावा, आणि घाट खालच्या गिअरमध्येंच उतरावा.

पुष्कळ जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या नळ्या एकाच मास्टर सिलिंडरास जोडलेल्या असतात. एक नळी फुटली कीं चारही ब्रेक जातात. उरतो तो तारेनें चालणारा हँडब्रेक. वाटेंत असा प्रसंग आलाच, तर पेडल भराभर दाबावें, गिअर क्रमानें खालीं आणावा व हँडब्रेक हळूहळू ओढावा. पण इंजिन बंद करूं नये.

ही परीक्षा करण्यास पांच मिनिटें पुरतात व पैसा लागत नाहीं. विद्यार्थ्यांनीं वडिलांजवळ बसून ती अवश्य पाहावी, म्हणजे पुस्तकांतील नियम पायाखालीं कसा काम करितो हें कळेल. सिलिंडर उघडण्याचें काम मात्र जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें. आणि पेडल बसत असेल, तर ‘उद्यां पाहूं’ असें न म्हणतां ती गाडी त्याच दिवशीं उभी करावी, एवढीच पालकांस आमची विनंति आहे.