जाब, जाप आणि जबाबदारी

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही एकदा शासनसंस्थेचा पाठ शिकवीत होतो. मंत्रिमंडळ, विधानसभा, न्यायालय अशी रचना फळ्यावर मांडून झाली होती. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, चोराला पोलीस पकडतात. पण पोलिसांनीच अन्याय केला तर त्यांना कोण पकडणार?” वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न फार जुना आणि फार मोठा होता. उत्तर सुरू केले न केले तोच घंटा झाली. ते अपुरे राहिलेले उत्तर आज या पानांवर पूर्ण करण्याचा मानस आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. ‘जबाबदारी’ हा शब्द आपण रोज वापरतो. परंतु त्याच्या पोटात ‘जबाब’ म्हणजे उत्तर दडलेले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ज्याला उत्तर द्यावे लागते तो जबाबदार. आमच्या घरच्या कोंकणीत उत्तराला ‘जाप’ म्हणतात आणि जबाबदारीला ‘जापसालदारकी’. जुन्या मराठीतही प्रश्नोत्तराला ‘जाबसाल’ असा शब्द होता. दोन्ही भाषांनी एकच शहाणपण जपले आहे: जबाबदारी ही मनातील सद्भावना नव्हे, तर कोणी विचारले असता उत्तर देण्याचे बंधन होय. सद्भावना असेल वा नसेल. उत्तर द्यावेच लागते.

आता हे बंधन शासनाच्या सर्वांत कठोर अशा तीन कामांना लावून पाहू. पोलीस माणसाला अटक करतात. गुन्ह्याची नोंद घेऊन तपास करतात. आणि देशात कोणी यावे, कोणी राहावे व कोणी बाहेर जावे हेही शासनच ठरविते. ही कामे अनावश्यक आहेत असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. रात्री आपण निर्धास्त झोपतो, त्यामागे कोठेतरी गस्त घालणारा शिपाई असतो. परंतु ज्या हाती दुसऱ्याचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याची शक्ती आहे, त्या हाताला हिशेबही सर्वांत कडक हवा. तिजोरीची किल्ली ज्याच्यापाशी, त्याच्याच वह्या आधी तपासल्या जातात.

हा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा? आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यांकडे आहेत. नागरिकत्व, परकीय नागरिक, पारपत्र म्हणजे पासपोर्ट आणि व्हिसा हे विषय केंद्राकडे आहेत. म्हणून गोव्यातील एखाद्या पोलीस ठाण्याविषयीचा प्रश्न पणजीजवळच्या पर्वरी येथील चाळीस सदस्यांच्या विधानसभेत विचारला जाईल. पारपत्राविषयीचा प्रश्न दिल्लीला संसदेत. दोन्ही ठिकाणी मंत्रिमंडळ सभागृहाला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, असे घटनेचेच वचन आहे. शिपाई वरिष्ठाला, वरिष्ठ पोलीस महासंचालकाला, महासंचालक शासनाला, शासन सभागृहाला आणि सभागृह मतदाराला, अशी ही पायऱ्यांची मालिका आहे.

लोकसभेत साधारणपणे बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्यास उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तोंडी असो वा लेखी, उत्तर छापले जाते व कायम राहते. आज दिलेले उत्तर खोटे ठरल्यास दहा वर्षांनीही ते कोणी उघडून दाखवू शकतो. या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण उरलेल्या लेखाचे सूत्र तेच आहे: जबाबदारीचा पाया म्हणजे लेखी नोंद. जे लिहिलेच नाही, त्याचा जाब विचारणे महाकठीण.

हे सूत्र किती महाग पडू शकते ते एका घटनेवरून समजेल. १९८७ च्या डिसेंबरमध्ये ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, एका बावीस वर्षांच्या तरुणाला चोरीच्या तपासासाठी पोलिसांनी नेले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेच्या रुळांवर सापडला. पोलिसांचे म्हणणे असे, की तो रात्री कोठडीतून पळाला आणि आगगाडीखाली सापडला. त्याच्या आईचा यावर विश्वास बसला नाही. तिने १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले, जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली, आणि १९९३ साली निर्णय दिला की तो तरुण पोलिसांच्या ताब्यात असतानाच, झालेल्या जखमांमुळे मरण पावला. राज्याने त्या मातेस दीड लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश झाला. ‘आम्ही सार्वभौम सत्ता आहोत’ या ढालीआड मूलभूत हक्कांचा भंग झाकता येणार नाही, हा त्या निर्णयाचा मोठा अर्थ होय. दीड लाखांनी मुलगा परत आला नाही, हे खरेच. परंतु एका सामान्य स्त्रीने टपालात टाकलेल्या पत्राला एका राज्याच्या शासनाला उत्तर द्यावे लागले, हेही तितकेच खरे.

अशा घटना पुन्हा घडू नयेत म्हणून काय करावे? १९८६ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालमधील विधिसाहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तपत्रीय बातम्यांकडे सरन्यायाधीशांचे पत्राद्वारे लक्ष वेधले होते. त्या पत्राचे फळ म्हणजे १८ डिसेंबर १९९६ चा प्रसिद्ध निर्णय. त्यात न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव व हुद्दा स्पष्ट दिसावा. अटकेचा पंचनामा जागेवरच व्हावा. त्यावर दिनांक व वेळ असावी. घरचा माणूस किंवा गावातील प्रतिष्ठित व्यक्ती साक्षीदार म्हणून सही करील आणि अटक झालेला इसमही सही करील. नातलगाला वा मित्राला कळवावे आणि कोणाला कळविले ते ठाण्याच्या रोजनाम्यात लिहावे. कोठडीत असताना दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. वकिलाला भेटू द्यावे.

हे नियम काळजीपूर्वक वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील कितीतरी नियम केवळ ‘लिहा’ एवढेच सांगतात. नाव लिहा, वेळ लिहा, जखम असेल तर जखम लिहा. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदानुसार अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. परंतु अटकेची वेळच लिहिली नाही, तर चोवीस तास मोजावयाचे कोठून? हे जाणूनच अटकेच्या पंचनाम्याची तरतूद पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे.

आता दुसरे काम, गुन्ह्याची नोंद. कित्येकदा गरीब मनुष्य ठाण्यात जातो आणि ‘उद्या या’ एवढे ऐकून परततो. एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार वेळेवर नोंदली गेली नाही, म्हणून तिच्या पित्याला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले, की दिलेल्या खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर प्रथम खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. त्या खबरीची प्रत फिर्याद देणाराला विनामूल्य मिळाली पाहिजे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, ही सबब आता नव्या संहितेप्रमाणेही चालत नाही. आधी नोंद, मग ती योग्य ठाण्याकडे रवाना. येथेही सारे रहस्य त्या कागदाच्या प्रतीत आहे.

तिसरे काम म्हणजे सीमेवरील दार. आम्हां गोंयकारांना पारपत्राचे महत्त्व सांगावयास नको. येथील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष बोटीवर किंवा आखातात चाकरीला आहेत. पारपत्र हिरावले तर चूल विझते. १९७७ च्या जुलैमध्ये मेनका गांधी यांना ‘सार्वजनिक हितासाठी’ पारपत्र परत करण्याचा हुकूम आला. कारणे विचारली असता, ती देणेही सार्वजनिक हिताचे नाही, असे उत्तर मिळाले. २५ जानेवारी १९७८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व सांगितले, की माणसाचे स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

पण हा न्याय केवळ आपल्या नागरिकांसाठीच का? घटनेचा एकविसावा अनुच्छेद ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतो. पूर्व पाकिस्तानातून १९६४ च्या सुमारास आलेले चकमा लोक आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले गेले होते. पुढे त्यांना हुसकावून लावण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्वतः न्यायालयात गेला. जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयाने राज्यशासनाला बजावले, की या लोकांच्या जीविताचे रक्षण करणे त्याचे कर्तव्य आहे आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज दडपून न ठेवता पुढे पाठविलेच पाहिजेत. परक्याला देशात राहू द्यावे की नाही, हे शासनाने कायद्याने ठरवावे. पण त्याला जमावाच्या स्वाधीन करता येणार नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग सारे आलबेल आहे. तसे नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. स्वतः पोलीस दलाचे प्रमुखपद भूषविलेले प्रकाश सिंह यांनी १९९६ साली पोलीस सुधारणेसाठी याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांत राज्यात व जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी स्वतंत्र प्राधिकरणे असावीत, हा एक होता. गोव्यात असे राज्यस्तरीय प्राधिकरण आले. पण देशभर त्या निर्देशांचे पालन अपुरेच राहिले. कोठडीतील मृत्यूही थांबले नाहीत. म्हणून २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवावेत, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. कॅमेरा म्हणजे तरी काय? न लिहिणाऱ्या हातासाठी ठेवलेली दुसरी वहीच ती. परंतु वही कितीही चांगली असली, तरी ती उघडून पाहणारा कोणी नसेल तर तिचा उपयोग काय?

विद्यार्थिमित्रहो, तो उघडून पाहणारा तुम्हांला व्हावयाचे आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने नागरिकाला शासनाकडून सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती मागता येते; आणि प्रश्न कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर अठ्ठेचाळीस तासांत. यासाठी उद्धटपणा नको, आरडाओरडाही नको. शिपायाला मान द्यावा, त्याचे कष्ट ओळखावेत. पण अर्ज दिला की पोच घ्यावी, फिर्याद दिली की प्रत मागावी, आणि सही करण्यापूर्वी कागद वाचावा. घरात वडीलधाऱ्यांना वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवावा. शाळेत मिळविलेल्या अक्षरज्ञानाचा याहून थोर उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही.

आणि मागच्या बाकावरच्या आमच्या त्या मित्रास उत्तर असे: पोलिसाला त्याचा वरिष्ठ विचारतो, वरिष्ठाला मंत्री, मंत्र्याला सभागृह, आणि या सर्वांना न्यायालय. परंतु ओरिसातील त्या आईने पत्र लिहिले नसते, तर यांपैकी कोणी काही विचारले असते की नाही, कोण जाणे. जाप देणे हे शासनाचे काम खरे. पण जाब विचारणे हे आपले काम आहे. तुझा तो प्रश्न ऐकून वर्ग हसला, म्हणून तू खाली बसलास. पुढच्या वेळी बसू नकोस.