झू खोऱ्यांतील पीटभूमि

दलदल म्हटली म्हणजे डांस, ताप आणि वायां गेलेली जमीन एवढेंच सामान्यतः डोळ्यांपुढें येतें. चर खणून तिच्यांतील पाणी काढून द्यावें आणि तेथें गवत अगर धान्य पिकवावें, हेंच शहाणपणाचें मानलें जाई. युरोपांत शतकानुशतकें असेंच चाललें होतें. स्वित्झर्लंडांत मात्र १९८७ सालीं मतदारांनीं दलदलींना थेट राज्यघटनेंत संरक्षण दिलें. हें कां घडलें तें समजण्यासाठीं त्या देशाच्या पश्चिम सीमेवरील झू नांवाच्या खोऱ्यांत शिरणें सोईचें होईल.

हें खोरें जुरा पर्वतांत, समुद्रसपाटीपासून सुमारें १,००० मीटर उंचीवर आहे. घड्याळें बनविणाऱ्या कारागिरांबद्दल त्याची ख्याति आहे. त्याच्या तळाशीं सुमारें ९ किलोमीटर लांबीचें झू सरोवर असून ओर्ब नदी वरच्या अंगानें त्यास येऊन मिळते. जुरा हा चुनखडीचा पर्वत, आणि चुनखडी म्हणजे फुटकें मडकें. सरोवरांतून बाहेर पडण्यास नैसर्गिक अशी उघडी वाट नाहीं. पाणी खडकांतील भेगांतून जमिनीखालीं जातें आणि डोंगरापलीकडे वालोर्ब गांवाजवळ पुन्हां ओर्ब नदीच्या रूपानें वर येतें.

मग अशा झिरपणाऱ्या भूमींत दलदल टिकली कशी? उत्तर हिमयुगांत आहे. त्या काळीं हें खोरें बर्फानें भरलेलें होतें. हिमनदीनें दगड दळून केलेली बारीक चिकणमाती मागें राहिली आणि तिनें या मडक्याच्या तळाला जणूं लिंपण घातलें. त्या लिंपणावर पाणी सांचलें, आणि तेथें स्फॅग्नम नांवाचें शेवाळ वाढूं लागलें. आपल्याकडे पावसाळ्यांत भिंतींवर जें मऊ हिरवें शेवाळ उगवतें, त्याच वर्गांतलें हें.

हें शेवाळ हाच या सर्व सृष्टीचा खरा कर्ता होय. त्याला मुळें नाहींत. पानांत रिकाम्या, सच्छिद्र पेशी असतात आणि त्यांत तें स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतें. पहिल्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें त्याच्या गाद्या करून जखमांवर बांधीत, त्या याच गुणामुळें. शिवाय तें भोंवतालचें पाणी आम्ल करतें. वरचें टोंक वाढत राहतें आणि खालचा भाग मरतो. पण पाण्याखालीं प्राणवायु नसल्यामुळें तो धड कुजत नाहीं. हा अर्धवट कुजलेला तपकिरी थर म्हणजे पीट. तो वर्षाला सुमारें १ मिलिमीटर चढतो. म्हणजे मीटरभर पीट सांचण्यास हजार वर्षें लागतात. कुदळीला एक दिवस पुरतो.

थर चढतां चढतां शेवाळ भूजलाच्या वर उचललें जातें. मग त्याला केवळ पावसाचें पाणी मिळतें, आणि त्यांत क्षार फारच थोडे. अशा उपासमारींत ज्या वनस्पति जगतात त्यांच्या युक्त्या पाहण्याजोग्या आहेत. गोल पानांचा दवबिंदू पानांवरील चिकट केसांनीं किडे धरून नायट्रोजनाची उणीव भरून काढतो. त्याचे भाऊबंद साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यांत दिसतात. तेथील ‘सीतेचीं आसवें’ हीं फुलेंही किडे खाणाऱ्या वनस्पतींचींच. कासचा पातळ मातीचा कातळ आणि झूची दलदल यांत वरवर पाहतां कांहींच साम्य नाहीं. पण दोन्हीकडे जमीन दरिद्री, म्हणून युक्ति एकच.

कापूसगवताचे पांढरे गोंडे, शेवाळावर लोळणारी क्रॅनबेरी, खुरटलेलीं पाइनचीं झाडें यांचा नुसता उल्लेख करून पुढें गेलेलें बरें. बुटक्या बर्चपाशीं मात्र थांबलें पाहिजे. हें झुडूप गुडघ्याएवढें, पानें नखाएवढीं, गोल व दंतुर. त्याचें खरें घर उत्तर ध्रुवाकडे. हिमयुग सरलें तेव्हां त्याचे सोबती बर्फामागून उत्तरेस गेले, आणि कांहीं येथेंच राहिले. रात्रीं थंड हवा खोऱ्याच्या तळाशीं उतरून सांचते, त्यामुळें त्यांचा निभाव लागला.

या भूमीचा नाश कांहीं दुष्टपणानें झालेला नाहीं. गांवकऱ्यांनीं पीटच्या विटा कापल्या, वाळविल्या आणि हिवाळ्यांत चुलींत घातल्या. दोन्ही महायुद्धांत परदेशचा कोळसा मिळेनासा झाला तेव्हां देशभर खणती वाढली. थंडीनें काकडणाऱ्या माणसाला कोण दोष देईल? परंतु चर पडला कीं पाणी उतरतें, हवा आंत शिरते, हजारों वर्षें न कुजलेलें कुजूं लागतें आणि त्यांतील कार्बन वायुरूपानें बाहेर पडतो. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पृथ्वीवरील जमिनीपैकीं सुमारें ३ टक्केच भाग पीटभूमीचा, पण जगांतील सर्व अरण्यांच्या झाडांत असेल त्याहून अधिक कार्बन तिच्यांत सांठलेला आहे.

१९८७ चा कौल निघाला तो श्वीत्स प्रांतांतील रोटेनथुर्म येथील वादांतून. तेथील दलदलींत लष्कराला सरावाचें मैदान हवें होतें. शेतकरी आणि निसर्गप्रेमी विरोधांत उभे राहिले. ६ डिसेंबर रोजीं ५७.८ टक्के मतें दलदलीच्या बाजूनें पडलीं. राष्ट्रीय महत्त्वाच्या दलदलींत नवें बांधकाम करण्यास व जमिनींत फेरफार करण्यास बंदी झाली; पूर्वापार शेतीस मुभा राहिली. १ जून १९८३ नंतर झालेलीं बांधकामें काढून टाकावीं, असेंही ठरलें. झू खोऱ्यांतील दलदली या राष्ट्रीय यादींत आहेत.

कायद्यानें कुदळ थांबली, परंतु जुने चर पाणी वाहून नेतच राहतात. म्हणून स्वित्झर्लंडांत ठिकठिकाणीं त्या चरांत लांकडी फळ्यांचे बांध घालून पाणी अडवितात. पाणी चढलें कीं प्रथम कापूसगवत परततें. स्फॅग्नम येण्यास पुष्कळ वर्षें जावीं लागतात, आणि तेंही उघडें पडलेलें पीट सतत ओलें राहिलें तरच.