पहिले २८ दिवस (लेखांक ६) : आईची शाळा बाळाच्या कामी कशी येते?

आई जितकी जास्त शिकलेली, तितकी तिची बाळं जगण्याची शक्यता जास्त, हे देशोदेशी दिसून आलं आहे. पण शाळेत बाळाची निगा कुणी शिकवत नाही. मग पाढ्यांचा आणि दोन किलोच्या बाळाचा संबंध काय?

शिकलेली मुलगी बहुधा बऱ्या घरची असते, तिचं लग्न उशिरा होतं, अंगात रक्तही बरं असतं. हे आहेच. तरी जॉन कॉल्डवेल या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७९ साली नायजेरियाच्या अभ्यासातून दाखवलं की बापाचं शिक्षण, त्याचा कामधंदा हे सगळं हिशेबात धरलं तरी आईच्या शिक्षणाचा परिणाम उरतोच. त्याचं म्हणणं असं की शिकलेल्या सुनेमुळे घरात कुणाचं चालतं तेच बदलतं.

आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवा. चीक पाजायचा की पिळून टाकायचा, बाळाला मध चाटवायचा का, लगेच न्हाऊ घालायचं का, हे सासू ठरवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेनासं होतं, रडणं क्षीण होतं, अंग गार पडतं. जंतुदोषाची ही लक्षणं सगळ्यात आधी कळतात ती आईला. पण ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या’ असं ती म्हणू शकते का, आणि म्हणाली तर गाडी निघते का? अशा वेळी तासातासाला मोल असतं.

दुसरा धागा रॉबर्ट लेव्हाइन या मानववंशशास्त्रज्ञाचा. त्याच्या चमूने नेपाळमधल्या आयांना रेडिओवरचे आरोग्यसंदेश ऐकवले. ज्यांची शाळा जास्त झाली होती, त्यांना ते जास्त नीट उमगले. परक्या माणसाची पुस्तकी भाषा ऐकून तिचा अर्थ लावायची सवय वर्गातच लागते. डॉक्टरांचं बोलणं कळायला आणि उलट प्रश्न विचारायला तीच कामी येते.

म्हणून बाळ दगावलं की ‘आई अडाणी होती’ असा शेरा मारला जातो, त्याचा मला संताप येतो. तिला शाळेतून काढलं कुणी?

शिवाय गडचिरोलीने वेगळंच दाखवून दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. हे काम करणाऱ्या बाया त्याच गावांतल्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या. बाळाचं वजन करणं, त्याला उबदार ठेवणं, स्तनपानाला मदत करणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते. एवढ्या काळात त्या बाळांच्या आयांची शाळा काही वाढली नव्हती. गावातली एक शिकलेली बाई त्यांच्या उंबरठ्याच्या आत आली होती.

२०११ पासून हेच काम देशभर आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं. या सहा भेटींत नेमकं काय बघायचं, ते पुढच्या आठवड्यात.